हळदीतल्या डीजेसाठी मोबाइल ॲप: पुठ्ठ्याच्या फोनपासून वाजणाऱ्या नमुन्यापर्यंत

डीजेचं ॲप म्हटलं की डिझायनरच्या डोळ्यांपुढे आधी दोन तबकड्या येतात. माझ्याही आल्या. वर दोन गोल डेक, मधे एका गाण्यावरून दुसऱ्यावर नेणारी सरकपट्टी म्हणजे क्रॉसफेडर, कडेला जाडा-बारीक आवाज कमी-जास्त करणारे ईक्यूचे नॉब, काळ्याभोर पडद्यावर निळा-गुलाबी झगमगाट. फिग्मा या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये ते इतकं देखणं दिसत होतं की मी तो नमुना फोनवर टाकून थेट वरळी कोळीवाड्यात एका हळदीला गेलो. माझा मावसभाऊ तिथे वाजवत होता. त्याने फोन हातात घेतला, अंगठ्याने तबकडी दोनदा फिरवली, कौतुकाने मान डोलावली. तेवढ्यात नवरीचा मामा स्टेजपाशी आला. "भाऊ, ते आपलं लाव ना, होडीवालं!" भावाने फोन परत माझ्या हातात दिला आणि तो लॅपटॉपकडे वळला. जाता जाता एवढंच विचारलं, "ह्याच्यात शोधायचं कुठे?"

शोधायची चौकट तिसऱ्या पडद्यावर होती. मी ती बनवली होती दोन मिनिटांत, आणि तबकडीवर घालवले होते नऊ दिवस.

त्यानंतर तेच ॲप मी नव्याने, उलट्या बाजूने बांधलं: आधी माणूस, मग आवाज, सगळ्यात शेवटी चित्र. कोणत्या क्रमाने काय केलं, कुठे फसलो आणि आज पुन्हा करायचं झालं तर काय करेन, ते खाली लिहिलं आहे. कोड येत नसेल तरी पहिला अर्धा भाग जमेल. उरलेल्या भागासाठी जावास्क्रिप्ट थोडीफार येणारा एखादा मित्र गाठा.

कोणता डीजे?

आपल्याकडे 'डीजे' हा शब्दच घोळाचा. विसर्जनाच्या मिरवणुकीत लोक 'डीजे' म्हणतात ते ट्रकवरच्या स्पीकरच्या भिंतीला, माणसाला नव्हे. लोअर परळच्या क्लबात वाजवणारा वेगळा, नवरात्रीत गरब्याला तासभर एकच लय धरून ठेवणारा वेगळा आणि आगरी-कोळी हळदीत वाजवणारा त्याहून वेगळा. या सगळ्यांसाठी मिळून एक ॲप करायला गेलात तर ते कोणाच्याच कामाचं राहणार नाही.

क्लबच्या डीजेला फोनवर डेक नकोच असतो, कारण त्याच्या समोर खरी यंत्रं असतात. टेक्निक्सचा एसएल-१२०० टर्नटेबल १९७२ साली आला. १९७९ च्या एमके२ मॉडेलवर वेग आठ टक्के वर-खाली करणारी सरकपट्टी होती. पायोनियरचा सीडीजे-१००० हा २००१ चा. इतक्या वर्षांत डीजेंचे हात या यंत्रांना सरावलेत. त्यांची तबकडी हाताच्या पंजाएवढी असते. तीच सहा इंची काचेवर अंगठ्याएवढी करून ठेवली, तर उरतं फक्त तिचं चित्र.

मी हळदीचा डीजे निवडला. त्याची गरज मला डोळ्यांनी दिसली होती, हे एक कारण. दुसरं म्हणजे त्याच्यासाठी कोणी काही बनवत नाही. तुम्ही गरब्याचा निवडा, सोसायटीच्या गॅदरिंगचा निवडा, पण निवडा एकच. मग त्याच्याबरोबर एक अख्खी संध्याकाळ काढा. टेम्पोतून सामान उतरवण्यापासून वायरी गुंडाळेपर्यंत. मुलाखत घेऊ नका, नुसतं बघा. डावा हात काय करतो? मान किती वेळा वर होते? फर्माईश कशी येते: ओरडून, चिठ्ठीवर, की कोणी व्हॉट्सॲप उघडून फोन नाकासमोर धरतो?

माझ्या वहीत त्या रात्री तीन गोष्टी उतरल्या. एक, मिक्सिंगपेक्षा गाणं शोधण्यात जास्त वेळ जातो. दोन, लोक गाण्याचं नाव सांगत नाहीत. एखादा शब्द सांगतात, चाल गुणगुणतात किंवा नुसतं "ते आपलं" म्हणतात. तीन, साडेनऊनंतर डीजे गाण्यांपेक्षा घड्याळाकडे जास्त बघतो. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही. राज्य सरकार वर्षातले जास्तीत जास्त पंधरा दिवस बाराची सूट देऊ शकतं, पण ती सणासुदीला. कोणाच्या घरच्या हळदीला नाही. त्यामुळे शेवटच्या वीस मिनिटांत मामा, काका आणि नवरदेवाचे मित्र अशा सगळ्यांच्या फर्माईशी एकदम येतात. क्लबच्या ॲपमध्ये ही अडचण कोणाला सुचणारच नाही.

एक वाक्य लिहून भिंतीवर चिकटवा

ॲपचं काम एका वाक्यात बसलं पाहिजे. माझं वाक्य असं होतं: फर्माईश आल्यापासून चालू गाण्याचं कडवं संपायच्या आत, नाच न थांबता, ते गाणं लागलं पाहिजे.

या वाक्यात न बसणारं सगळं काढलं. स्क्रॅच, सॅम्पलर, रेकॉर्डिंग, बारा इफेक्ट, सगळं गेलं. ऑनलाइन स्ट्रीमिंगही काढलं. हळदीच्या गर्दीत नेटवर्कचा भरवसा नसतो आणि दुसऱ्याच्या दारावर दुकान थाटलं की ते कधीही बंद होऊ शकतं. स्पॉटिफायने २०२० मध्ये बाहेरच्या डीजे ॲपांना गाणी देणं थांबवलं, तेव्हा त्यावर विसंबून असलेल्यांची चांगलीच पंचाईत झाली होती. हळदीच्या डीजेकडे स्वतःच्या फाइली असतात, पेनड्राइव्हभर. ॲपने त्याच वाजवायच्या. स्वतः गाणी पुरवायला गेलात तर हक्क आणि परवाने यांचं वेगळंच प्रकरण सुरू होतं, पहिल्या नमुन्यात त्यात शिरू नका.

पुठ्ठ्याचा फोन

लॅपटॉप उघडायच्या आधी एक जुनी लग्नपत्रिका घ्या, जाड पुठ्ठ्याची. आपल्याकडे त्यांना तोटा नाही. तुमच्या फोनच्या मापाचा तुकडा कापा आणि पडद्याच्या जागी खिडकी पाडा. मागून सरकवायला कागदाच्या लांब पट्ट्या करा: एकीवर गाण्यांची यादी, दुसरीवर वेव्हफॉर्म (आवाजाच्या चढउताराचा आलेख), तिसरीवर शोधाचे निकाल. बटणं पेन्सिलने काढा, म्हणजे खोडता येतील.

आता डीजे मित्राला घरी बोलवा आणि स्पीकरवर खरंखुरं गाणं मोठ्याने लावा. ही पायरी लोक गाळतात. शांत खोलीत पुठ्ठ्याचा फोन सगळ्यांनाच वापरता येतो. गाणं चालू असताना तुम्ही मामा व्हा, ओरडून फर्माईश करा, त्याच्या खांद्याला धक्का द्या, मधेच दुसरी फर्माईश घुसवा. तो ज्या 'बटणावर' बोट ठेवेल त्याप्रमाणे तुमचा साथीदार मागची पट्टी सरकवेल.

तासाभरात कळतं की त्याचं बोट कुठे जातं. माझ्या मावसभावाचं बोट दर वेळी पडद्याच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात जायचं आणि तिथे मी सेटिंग ठेवलं होतं. तीन वेळा असं झालं तेव्हा रबर घेतलं. दुसरं असं की, तो फोन दोन हातांनी धरतच नाही. डावा हात मिक्सरवर असतो, फोन उजव्या हातात किंवा टेबलावर आडवा. म्हणजे सगळं काम एका अंगठ्यात बसलं पाहिजे. पुठ्ठ्याने हे तासाभरात सांगितलं. फिग्माने नऊ दिवसांत सांगितलं नव्हतं.

पडद्याची मांडणी

ॲपल बोटाच्या जागेसाठी किमान ४४ पॉइंट सांगतं, गूगल ४८ डीपी (दोन्ही पडद्यावरच्या मापाची एककं). ही मापं घरात सोफ्यावर बसलेल्या माणसासाठी ठीक आहेत. नाचणाऱ्यांचे धक्के खाणाऱ्या आणि घामेजल्या बोटांच्या माणसाला ती पुरत नाहीत. मी महत्त्वाच्या बटणांना ७२ डीपी दिले. बरेचसे अँड्रॉइड फोन उभे धरले की रुंदी सुमारे ३६० डीपी भरते, म्हणजे मधे फट न ठेवताही एका ओळीत पाचच बटणं. फट ठेवली की चार. आपोआप शिस्त लागते.

शेवटी ठरलं ते असं. सगळ्यात वर बारीक पट्टी: चालू गाणं, किती उरलं आणि शेजारी दहा वाजायला किती मिनिटं. हा दहाचा काटा मी गंमत म्हणून टाकला होता, पण दाखवलेल्या प्रत्येक डीजेने आधी त्याचंच कौतुक केलं. त्याखाली चालू आणि येणाऱ्या गाण्याच्या दोन वेव्हफॉर्म एकाखाली एक. ठोके एकावर एक जुळलेत की नाही हे त्यामुळे एका नजरेत दिसतं. मधे पुढच्या गाण्यांची रांग. तळाशी, अंगठ्याच्या टप्प्यात, चार मोठी बटणं: शोध, कट (झटक्यात दुसऱ्या गाण्यावर), एको, बेस. क्रॉसफेडर त्यांच्या वर, पडद्याच्या पूर्ण रुंदीचा.

नॉब गोल फिरवायला लावू नका. काचेवर बोट गोल फिरवताना तेच बोट नॉब झाकून टाकतं. नॉबवर बोट ठेवून सरळ वर-खाली ओढलं की आवाज वर-खाली, एवढं पुरे. त्यातही तीन पट्ट्यांचा ईक्यू मी ठेवलाच नाही. दोन गाण्यांचे बेस एकदम वाजले की स्पीकर गढूळ होतो, म्हणून डीजे जुन्याचा बेस उतरवून नव्याचा चढवतो. ही अदलाबदल एकाच बटणावर बसवली: दाबलं की चालू गाण्याचा साधारण २०० हर्ट्झखालचा भाग उतरतो आणि दुसऱ्याचा वर येतो.

रंगांबद्दल एवढंच की लाल-हिरव्यावर अर्थ टांगू नका. काहींना ते रंग वेगळे ओळखता येत नाहीत, शिवाय मांडवातल्या फिरत्या एलईडीखाली सगळेच रंग खोटे बोलतात. आकार आणि जागा यांवर भर द्या.

शोध: इथे खरा वेळ घाला

आपल्या डीजेंच्या पेनड्राइव्हमध्ये डोकावून बघा. फाइलीची नावं रोमन अक्षरांत, प्रत्येकाच्या मर्जीच्या स्पेलिंगने. पुढे गाण्याचा नंबर, मागे रीमिक्स करणाऱ्याचं नाव, 'हलगी मिक्स', 'फायनल', 'फायनल नवीन', 'डेमो'. एकच गाणं चार रूपांत. टॅग बहुधा रिकामे, नाहीतर एखाद्या वेबसाइटच्या जाहिरातीने भरलेले.

म्हणून शोध अक्षरशः जुळवायचा नाही, उच्चारावर जुळवायचा. आधी प्रत्येक नावाचा एक 'सांगाडा' बनवून ठेवा. दीर्घ ई कोणी दोन ई लिहितो, कोणी एक आय. दोन्ही एकच धरा. दोन ओ आणि यू एकच. व्ही आणि डब्ल्यू एकच. एस आणि एसएच एकच. महाप्राणाचा एच काढून टाका, म्हणजे डोल आणि ढोल, कोली आणि खोली यांत फरक उरत नाही. चुकीचा निकाल आला तरी चालेल, बरोबर निकाल हुकता कामा नये. जोडाक्षरातलं दुप्पट अक्षर एकदाच मोजा. 'ळ' ला बहुतेक जण एलच लिहितात. शोधणारा देवनागरीत टाइप करो की रोमनमध्ये, दोन्हींचा सांगाडा एकाच साच्यात काढा. नंबर, कंस, 'मिक्स', 'फायनल' असले शब्द सांगाड्यात घेऊच नका, पण दाखवताना मूळ नाव पूर्ण दाखवा. डीजेला कोणतं 'फायनल' खरं ते बरोबर माहीत असतं.

दुसरी गोष्ट, टोपणनावं. मामाला गाण्याचं नाव आठवत नाही, त्याला 'होडीवालं' आठवतं. म्हणून गाण्यावर बोट दाबून धरलं की डीजेला स्वतःचा शब्द जोडता आला पाहिजे: होडी, सासूबाई, नवरीची एन्ट्री, रडवणारं. पाच-सहा हळदी झाल्या की हा साठा ॲपमधल्या दुसऱ्या कशाहूनही मोलाचा होतो.

निकाल पहिल्या तीन अक्षरांत यायला हवेत आणि निकालावर एक बोट टेकलं की गाणं रांगेत पुढे. लगेच वाजायला लागता कामा नये. पहिल्या नमुन्यात मी ही चूक केली होती: शोधता शोधता बोट लागलं आणि नवरीच्या आजीच्या ओवाळणीत नाशिक ढोल सुरू झाला.

वाजणारा नमुना

क्लिक होणाऱ्या चित्रांच्या नमुन्यात डीजे ॲप कळत नाही. बोट टेकल्यावर आवाज कधी येतो, हेच तर तपासायचं असतं. पण त्यासाठी लगेच खरं ॲप लिहायला बसू नका. फोनच्या ब्राउझरमध्ये आवाज हाताळायची सोय, वेब ऑडिओ एपीआय, आधीच असते, आणि एका साध्या एचटीएमएल फाइलीत दोन डेक, क्रॉसफेडर, फिल्टर, एको एवढं सगळं मावतं. गाणी घ्यायला फाइल निवडायचं साधं बटण पुरतं. एक लक्षात ठेवा: बोट टेकल्याशिवाय ब्राउझर आवाज सुरू करू देत नाही, म्हणून पहिल्या पडद्यावर 'सुरू करा' असं बटण हवंच. त्याविना मी अर्धा दिवस बिघाड शोधत बसलो होतो.

गाणं वाजवायचे दोन मार्ग आहेत आणि त्यांतला कोणता कशासाठी हे आधीच ठरवा.

पहिल्या मार्गात अख्खं गाणं उलगडून मेमरीत ठेवायचं. फायदा असा की लूप (तोच तुकडा पुन्हा पुन्हा) आणि क्यू (गाणं जिथून सुरू करायचं ती खूण) नेमक्या जागी लागतात. तोटा समजायला गुणाकार करा: चार मिनिटं म्हणजे २४० सेकंद, गुणिले सेकंदाला ४४,१०० नमुने (हे आवाजाचे, ॲपचे नव्हेत), गुणिले स्टीरिओचे दोन चॅनल, गुणिले प्रत्येकी चार बाइट. सुमारे ८५ एमबी. फाइल आठ-नऊ एमबीची असली तरी मेमरीत ती एवढी फुगते. दोन डेक आणि रांगेतलं पुढचं गाणं धरलं की अडीचशे एमबी. तीन-चार जीबी रॅमच्या फोनवर ब्राउझर गपकन मिटतो, तेही ऐन नाचात. म्हणून एका वेळी दोनच गाणी उलगडा आणि वाजून झालेलं लगेच सोडून द्या.

दुसऱ्या मार्गात ब्राउझरचा साधा ऑडिओ घटक वापरायचा. तो फाइल थोडी थोडी वाचतो, मेमरी खात नाही आणि वेग बदलला तरी सूर जागेवर ठेवतो. पण नेमक्या क्षणी उडी मारायला सांगितलं की किंचित इकडेतिकडे होतो. शोध आणि रांग तपासायच्या नमुन्यात हा पुरतो. कट आणि लूप तपासायला पहिला मार्ग घ्या.

सुराचा मुद्दा इथेच. कॅसेट जोरात फिरवल्यासारखा वेग वाढवला की आवाजही चढतो. मिनिटाला १०० ठोक्यांचं गाणं १०६ वर नेलं, म्हणजे सहा टक्के, की सूर जवळजवळ अर्धा स्वर, काळी-पांढरीतलं एक घर, वर सरकतो. नुसत्या तालवाद्यांत चालून जातं. ओळखीच्या गायकाचा आवाज असला की लोकांना लगेच खटकतं. खऱ्या ॲपमध्ये सूर धरून वेग बदलायला साउंडटच किंवा रबर बँड यांसारख्या लायब्ररी आहेत. परवान्याच्या अटी मात्र आधी वाचा.

क्रॉसफेडर सरळ रेषेत उतरवू नका. दोन्ही गाणी मधोमध अर्ध्यावर ठेवली तर ऐकणाऱ्याला आवाज साधारण तीन डेसिबलने खचल्यासारखा वाटतो आणि नाचणाऱ्यांची लय तिथेच ढिली पडते. साइन-कोसाइनच्या वक्राने मधोमध प्रत्येक गाणं ०.७०७ वर ठेवा. उलट बाजूला, दोन्ही गाणी पूर्ण आवाजात एकत्र आली तर बेरीज शून्य डेसिबलच्या, म्हणजे डिजिटल आवाजाच्या कमाल मर्यादेच्या, वर जाते आणि आवाज फाटतो, म्हणून शेवटी आवाज त्या मर्यादेत धरून ठेवणारा एक लिमिटर लावा. फाटका आवाज मोठ्या अँपमधून गेला की स्पीकरचा टॉप, म्हणजे बारीक आवाजाचा भाग, जळू शकतो. तो भाड्याचा असतो, आणि भाडेवाल्याशी भांडायला ॲप येणार नाही.

एको हा एकच इफेक्ट ठेवला, तोही कामापुरता. वेगळ्या तालाच्या गाण्यावर जायचं असेल तर चालू गाणं एकोत सोडून द्यायचं आणि विरत्या आवाजावर नवं गाणं टाकायचं. डिले एका ठोक्याएवढा, १२० बीपीएमला (मिनिटाला १२० ठोके) ५०० मिलिसेकंद, आणि परत फिरणारा आवाज प्रत्येक फेरीला निम्मा. तीन-चार ठोक्यांत तो मिटतो आणि कोणाला जोड कळत नाही.

ढोलकी आणि बीपीएमचं भांडण

आपोआप बीपीएम मोजणारे बहुतेक प्रोग्रॅम चार ठोक्यांच्या सरळ किकवर (मोठ्या ड्रमच्या ठोक्यावर) तयार झालेत. आपल्या गाण्यांपुढे ते गडबडतात. सत्तरचं गाणं एकशेचाळीस दाखवणं नेहमीचंच. पण कोळीगीतांत आणि दादऱ्याच्या अंगाच्या गाण्यांत आणखी एक गंमत होते. सहा मात्रा तीन-तीनच्या दोन गटांत चालत असतात आणि प्रोग्रॅम त्या दोन-दोनच्या तीन गटांत मोजतो. मग १०० चं गाणं १५० दिसतं. म्हणून बीपीएमच्या आकड्याशेजारी तीन छोटी बटणं द्या: निम्मा, दुप्पट आणि दीडपटीची चूक सुधारणारं. हे तिसरं बटण मी दुसऱ्या कुठल्या ॲपमध्ये पाहिलेलं नाही.

शिवाय हाताने ठोका देण्याची सोय हवी. आठ वेळा टॅप केलं की सात अंतरं मिळतात. त्यांची सरासरी नको, मधली किंमत घ्या, म्हणजे एखादा चुकलेला टॅप सगळं बिघडवत नाही. मधलं अंतर ५२० मिलिसेकंद आलं तर ६०,००० भागिले ५२०, म्हणजे सुमारे ११५ बीपीएम.

आणि एक कबूल करून टाका: जुनी लोकगीतं खऱ्या वादकांनी एका दमात वाजवलेली आहेत. ढोलकीवाला रंगात आला की लय चढते. अशा गाण्यावर समान अंतराच्या रेघांची जाळी टाकली तर दुसऱ्या कडव्यापर्यंत ती निसटलेली असते. तिथे आपोआप जुळवणी चालूच होऊ देऊ नका. कट किंवा एको, एवढंच.

बोट ते कान: उशीर मोजा

१२८ बीपीएमला एक ठोका ४६९ मिलिसेकंदांचा. दोन गाण्यांचे ठोके तीसेक मिलिसेकंद पुढे-मागे झाले की एका ठोक्याचे दोन ऐकू यायला लागतात. म्हणजे तुमच्या हाताशी चूक करायला जागा फार थोडी आहे, आणि त्यातली बरीचशी फोनच खाऊन टाकतो.

मोजायला महागडं काही लागत नाही. बटणावर नखाने टकटक करा आणि शेजारी दुसऱ्या फोनवर रेकॉर्ड करत राहा. ती फाइल ऑडॅसिटी या आवाजाच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडली की आधी नखाचा बारीक काटा दिसतो, मग ॲपच्या आवाजाचा. दोघांतलं अंतर म्हणजे तुमचा उशीर. दहा वेळा मोजा, कारण तो दर वेळी सारखा नसतो, आणि सारखा नसणं हे जास्त वाईट. ठरावीक उशिराला हात सरावतो, हलत्या उशिराला नाही.

ब्राउझरमधला आकडा मोठा आला तर घाबरू नका, नमुन्याकडून तेवढीच अपेक्षा. खऱ्या अँड्रॉइड ॲपसाठी गूगलची ओबो ही लायब्ररी आहे, ती फोनच्या जवळच्या रस्त्याने आवाज पोचवते. सेकंदाला ४८,००० च्या दराने २५६ नमुन्यांचा बफर (एका वेळी पुढे पाठवायचा आवाजाचा तुकडा) म्हणजे जेमतेम ५.३ मिलिसेकंद. पण बफर लहान केला की स्वस्त फोन तडतडायला लागतो. आपले डीजे वापरतात त्या फोनवर तपासा, तुमच्या फोनवर नको.

ब्लूटूथचा विचार सोडा. त्यात शंभर ते तीनशे मिलिसेकंदांचा उशीर सहज येतो. गाणं नुसतं ऐकायला चालतो, ठोका पकडायला नाही. वायरच.

आणि स्पीकरही दूर असतो हे विसरू नका. दहा मीटरवरून आवाज यायला सुमारे २९ मिलिसेकंद लागतात. मांडवाच्या त्या टोकाच्या स्पीकरवर कान ठेवून जुळवणी केली तर ती चुकणारच. म्हणून हेडफोनवर क्यू, म्हणजे येणारं गाणं आधी स्वतः ऐकायची सोय, हवी. फोनला आउटपुट एकच, मग डावा चॅनल स्पीकरला आणि उजवा हेडफोनला अशी विभागणी करायची. दोन्हीकडे आवाज मोनो होतो, पण हळदीत त्याने कोणाचं बिघडत नाही. स्टीरिओची दोन मोनोत फोड करणारी स्प्लिटर वायर लॅमिंग्टन रोडवर मिळते. फोनला जॅक नसेल तर यूएसबी-सीचा डोंगल. दुकानातच हेडफोन लावून बघा. साधी वाय-वायर आणि ही वायर दिसायला सारख्याच असतात, दुकानदारही गल्लत करतो.

आईचा फोन

पहिल्यांदा गच्चीवर पूर्ण तालीम घेतली तेव्हा सगळं छान चाललं होतं आणि आईचा फोन आला. गाणं बंद, स्पीकरमधून रिंगटोन. कॉल, अलार्म, बॅटरी वाचवायला ॲप मिटवून टाकणारी फोनची यंत्रणा, या सगळ्यांचा बंदोबस्त डिझाइनचाच भाग समजा. ॲप स्वतःहून एअरप्लेन मोड लावू शकत नाही, अँड्रॉइड ते करू देत नाही. पण सुरू करताना एक तपासणीचा पडदा दाखवू शकतं: एअरप्लेन मोड आहे का, ब्लूटूथ बंद आहे का, चार्जिंग किती, वायर लागली आहे का. चारही बरोबर झाल्याशिवाय मोठं हिरवं बटण उमटत नाही. तरी घाई असेल तर त्याखाली 'असू दे, चालू कर' अशी बारीक ओळ ठेवा. डीजेला अडवून धरणारं ॲप दुसऱ्या दिवशी फोनवर नसतं.

पाण्याचंही तपासा. जुलै-ऑगस्टात ताडपत्रीतून थेंब टपकतात, आणि ओल्या काचेला थेंबही बोट वाटतं. पडद्यावर चिमूटभर पाणी शिंपडून पाच मिनिटं वापरून बघा. कट आणि क्रॉसफेडर यांना कुलूप लावायची सोय मी त्यानंतर केली. उन्हात तापलेल्या फोनचा पडदा आपोआप मंद होतो, तेही एकदा मे महिन्यात दुपारी बारा वाजता बघून घ्या.

खऱ्या माणसांसमोर

चार-पाच डीजे पुरतात, पण त्यांतला एक तरी तुमच्या ओळखीचा नसावा. ओळखीचे लोक चांगलं बोलतात. काम द्या, मत विचारू नका: "चालू गाणं थांबू न देता हे लाव," आणि घड्याळ लावून बसा. कुठे अडला, कुठलं बटण चुकून दाबलं, कधी फोन खाली ठेवून लॅपटॉपकडे वळला, एवढंच लिहा. लॅपटॉपकडे वळणं ही सगळ्यात खरी तक्रार.

पहिल्या खऱ्या कार्यक्रमात ॲपवर भर टाकू नका. जेवणाच्या पंगतीला मंद गाणी चालू असतात, नाचणारं कोणी नसतं, गाणं अडखळलं तरी लोक श्रीखंडाकडे बघत असतात. तो पाऊण तास फोनवर वाजवा, मिक्सरच्या दुसऱ्या चॅनलवर लॅपटॉप चालू ठेवून. मावसभावाने तसंच केलं. पंगत उठली, हळद पुन्हा रंगात आली, तो लॅपटॉपकडे सरकला, आणि पावणेदहाला फर्माईशी सुरू झाल्या तेव्हा मात्र त्याने मला न विचारता फोन परत उचलला.